सोडायची मागणी

रविवारी सकाळी मागणीपत्र हातात पडलं तेव्हा धम्मपालची अर्धी दाढी झाली होती. धाकटा मुलगा क्षितिज कागद देऊन गेला नाही, बेसिनपाशीच उभा राहिला.

"पोच द्या," तो म्हणाला.

"काय?"

"कागद मिळाला म्हणून सही. आबा म्हणाले, पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही."

धम्मपालनं ओल्या हातानं सही केली. चाकणच्या कंपनीत युनियनशी बोलणी करायचं काम त्याच्याकडं होतं. पद मॅनेजरचं, आणि अशा कागदांना पोच देण्यात त्याची अठरा वर्षं गेली होती. पण ते कागद टाइप केलेले, शिक्का मारलेले असायचे. हा वहीतून फाडलेला होता आणि त्यावर अक्षर त्याच्या सोळा वर्षांच्या लेकीचं होतं. भाषा मात्र तिची नव्हती. 'उपरोक्त विषयास अनुसरून' असं श्रद्धा जन्मात लिहिणार नाही. ही भाषा वरच्या मजल्यावरून आली होती.

विषय होता, मे महिन्याच्या शटडाऊनमधील सहलीबाबत. मागण्या पाच. सात सीटच्या गाडीत सगळ्यात मागची, सामानाजवळची सीट कायम मुलांनाच देण्यात येते, ती आळीपाळीनं मोठ्यांनीही वापरावी. दिवसाला दोनापेक्षा अधिक ठिकाणं दाखवण्यात येऊ नयेत. हॉटेलात पोहण्याचा तलाव असावा. सहलीतला एक संपूर्ण दिवस मुलं ठरवतील, त्या दिवशी मोठ्यांनी कार्यक्रम विचारू नये. आणि पाचवी : ज्या सदस्याची सहलीस येण्याची इच्छा नसेल त्यास घरी राहण्याची मुभा असावी. खाली दोन सह्या. तेरा वर्षांच्या क्षितिजनं आपल्या सहीखाली रेघ मारून दोन टिंबंही दिली होती.

धम्मपाल हसला, आणि पाचव्या कलमापाशी त्याचं हसू गेलं.

श्रद्धा येणार नाही हे मार्चपासून म्हणत होती. दहावीचा शेवटचा पेपर देऊन आली, चप्पल काढली आणि म्हणाली, यंदा मी येणार नाही. त्यानं तेव्हा 'बघू' म्हटलं होतं. कंपनी वर्षातून एकदा मशिनरीच्या दुरुस्तीसाठी बंद राहायची, ते सहा दिवस त्याचे. बाकी वर्षभर तो पावणेसहाला घर सोडायचा आणि तळवड्याच्या चौकातली गर्दी तुडवत रात्री आठला परतायचा. अजून दोन वर्षांनी ही पोरगी कुठल्या तरी हॉस्टेलवर असेल. म्हणजे सहा आणि सहा, बारा दिवस उरले होते. हा हिशेब त्यानं कुणालाच सांगितला नव्हता, पद्मालाही नाही.

त्यानं उरलेली दाढी केली आणि कागद पुन्हा वाचला. आता घरातल्या माणसासारखा नाही, ऑफिसातल्यासारखा. अण्णांची, म्हणजे वडिलांची, पद्धत त्याला पाठ होती. दर मागणीपत्रात एक मागणी सोडून देण्यासाठी घातलेली असते; शेवटी ती मोठ्या मनानं सोडायची आणि त्या बदल्यात खरी पदरात पाडून घ्यायची. ती सोडायची मागणी कुठली हे ज्याला आधी कळलं त्यानं निम्मी लढाई जिंकली. त्याला ती लगेच सापडली. चौथी. एक अख्खा दिवस, ना वेळ, ना ठिकाण, ना कार्यक्रम. इतकी ढिली मागणी कोणी मनापासून मागत नाही. खरी पाचवी होती. पोरीला यायचं नव्हतं, आणि ते तिनं आजोबांच्या शब्दांत, रीतसर, सहीनिशी कळवलं होतं.

"आई म्हणतात, हा काय पोरखेळ," पद्मा दारातून म्हणाली. "काय करताय त्याचं?"

"साडेअकराला बसू म्हणावं. डायनिंग टेबलावर."

पद्मा महापालिकेच्या शाळेत आठवीला शिकवायची. पोरांना शिकवणारी बाई होती, नवऱ्याचा चेहरा तिला वाचता यायचा. तिनं कागद त्याच्या हातातून घेतला, पाचव्या ओळीवर थांबली, आणि तो परत दिला.

*

गच्चीवर कुरडया वाळत होत्या आणि त्यांच्या राखणीला धम्मपालचे वडील, भिवा सरवदे, बसले होते. एके काळी पिंपरीच्या कारखान्यात अकरा वर्षं युनियनचे सरचिटणीस, गेटवर उभे राहिले की तीन शिफ्टचे लोक थांबायचे. आता बायकोनं, अंबुबाईंनी, त्यांना काठी देऊन कबुतरांवर नेमलं होतं. गॅलरीला लावलेल्या जयंतीच्या निळ्या पताका अजून उतरवल्या नव्हत्या, त्यांच्या फडफडीला कबुतरं मुळीच भीत नव्हती.

"दिली पोच," क्षितिज धापा टाकत वर आला. "साडेअकराला मीटिंग."

"आरं, चांगलं झालं की. वेळ दिला म्हंजे कागद वाचला." भिवाआबांनी काठी मांडीवर घेतली. मुलगा मॅनेजमेंटच्या बाजूनं नोकरीला लागला तेव्हा ते त्याच्याशी तीन महिने बोलले नव्हते. तेव्हापासून बाप-लेक एका घरात राहून एका टेबलावर कधी बोलणीला बसले नव्हते. आजची बैठक लेकरांची होती हे खरं, पण आबांनी सकाळीच इस्त्रीचा सदरा घातला होता.

श्रद्धा पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसली होती. "आबा, पाचवी काढूया का आपण?"

"काढून कसं चालंल? समोरच्या मानसाला कायतरी जिंकल्यावानी वाटाया पायजे. त्याबिगर त्यो खरी देत न्हाई. म्हून एक अशी मागायची, जी त्यो मेला तरी देणार न्हाई. त्यो न्हाई म्हनला का आपन उदार व्हायचं. बरं सायेब, पाचवी सोडली, तुमी चौथी द्या."

"आणि दिली तर?"

"कोन, तुझा बाप? आगं, तू बालवाडीत जायला लागली तर ह्यो चार दिवस शाळंच्या गेटाबाहेर उभा ऱ्हायलेला मानूस. तुला सोडून जाईल व्हय?"

श्रद्धाला ते पटलं. पटावं असंच तिला वाटत होतं. खरं म्हणजे तिला जायचं होतं. समुद्र तिला आवडायचा, क्षितिजची बडबडसुद्धा गाडीत बरी वाटायची. पण गेल्या वर्षी सहा दिवसांत त्यांनी सतरा ठिकाणं केली होती. पप्पांच्या फोनमध्ये तक्ता होता, आठ चाळीस ते नऊ दहा नाश्ता, नऊ दहाला निघणे. देवबागच्या वाळूत ती एका खेकड्याच्या बिळापाशी बसली होती, खेकडा डोळे बाहेर काढून तिच्याकडं बघत होता, आणि पप्पा लांबून मनगट दाखवत होते. उद्या परत येऊ, ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी किल्ला होता. गाडीत मागच्या सीटवर ती रडली, आणि संध्याकाळी पप्पांनी घरच्या ग्रुपवर तिचा फोटो टाकला, खाली 'मुलं खूष'. त्यावर सतरा नातेवाइकांचे अंगठे आले.

मार्चमध्ये येणार नाही म्हणाली तेव्हा तिची एवढीच अपेक्षा होती की कोणीतरी 'का?' म्हणून विचारावं. मम्मी म्हणाली, वयच आहे. पप्पा म्हणाले, बघू. शेवटी आबांनी विचारलं, आणि सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "बाय, ही तक्रार झाली. तक्रारीला उत्तर मिळत न्हाई. मागनी कर."

"माझा स्विमिंग पूल खरा आहे की सोडायचा?" क्षितिजनं विचारलं.

"तुझा खराच हाय," आबा म्हणाले. "पर तुला कुनी कायबी दिलं तर तू फुटशील, म्हून तुझ्यावर भिस्त ठेवायची न्हाई."

*

साडेअकराला धम्मपाल पेन घेऊन आला. पद्माला वाटलं होतं तो चेष्टेवारी नेईल, मुलांना जवळ घेईल, आणि सगळं वीस मिनिटांत विरघळेल. पण त्यानं खुर्ची ओढली, कागद समोर सरळ ठेवला, आणि तिला कळलं की हा ऑफिसात असाच बसत असणार. त्याचा तो चेहरा ती लग्नानंतर अठरा वर्षांनी पहिल्यांदा बघत होती. तिला तो आवडला नाही.

भिवाआबा सल्लागार म्हणून श्रद्धाच्या मागे स्टुलावर बसले होते. बोलायचं नाही या अटीवर. अंबुबाई टेबलाच्या दुसऱ्या टोकाला लसूण सोलत होत्या. त्या कोणत्या बाजूच्या आहेत हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

"पहिली मागणी," धम्मपाल म्हणाला. "मागची सीट. आईचे गुडघे तिथं मावत नाहीत, अण्णा बसले तर उतरवायला क्रेन लागेल. गाडी मी चालवतो. म्हणजे उरलं कोण?"

"मी बसते की," पद्मा म्हणाली. "मलाही बघू दे तिथून काय दिसतं."

"काहीच दिसत नाही," श्रद्धा म्हणाली. "सीटचं कव्हर दिसतं."

"तुझ्या मम्मीनं परस्पर दिली," धम्मपाल म्हणाला, पण लिहून घेतलं. "दुसरी. दोन ठिकाणं म्हणजे काही दाखवायलाच नको. चार."

"दोन."

"तीन. वाटेत लागलं तर उतरायचं, नाही लागलं तर नाही."

श्रद्धानं मागं पाहिलं. आबांनी डोळे मिटून उघडले. "दोन, आणि वाटेत लागलं तर एक," ती म्हणाली. "पण वाट वाकडी करून वाटेत आणायचं नाही."

यावर धम्मपालला हसू आलं. ते त्यानं पेनाच्या टोपणात लपवलं, पण पद्माला दिसलं. त्याला पोरीचा अभिमान वाटत होता. हे आत्ता इथं बोलून दाखव ना, ती मनात म्हणाली. त्यानं पेनानं दुसऱ्या मागणीवर खूण केली.

"तिसरी. गुहागरला समोर अख्खा समुद्र असताना पोहायला तलाव?"

"समुद्राचं पाणी खारट असतं," क्षितिज म्हणाला.

"तलाव नाही. त्याऐवजी जाताना कुंभार्ली घाट संपेपर्यंत तू माझ्या शेजारी, पुढच्या सीटवर."

"आणि गाणी माझी?"

"निम्मी."

"मान्य," क्षितिज म्हणाला, बहिणीकडं न बघता. स्टुलावरून एक सुस्कारा आला.

धम्मपालनं कागद थोडा पुढं सरकवला. "चौथी. एक दिवस तुम्ही ठरवणार. काय ठरवणार?"

"ते त्या दिवशी."

"असं कसं चालेल श्रद्धा? आजीच्या गुडघ्यांचं बघावं लागतं, आबांच्या गोळ्या जेवणाच्या वेळेवर असतात. नवख्या ठिकाणी काही झालं तर निस्तरायचं मलाच. काय करायचं हेच माहीत नसलेल्या दिवसाला मी हो कसं म्हणू?"

"माहीत नसलेलाच दिवस पाहिजे, पप्पा."

पद्माच्या कानाला ते वाक्य लागलं. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, पण तो पुढच्या ओळीवर गेला होता. शब्द जुळवताना वर्गातली मुलं जसे ओठ दाबतात तसे त्यानं दाबले होते.

"चौथी होणार नाही," तो म्हणाला. "यंदा नाही. आणि पाचवी," त्यानं पेन उघडलं, "पाचवी मान्य. येणार नसशील तर जबरदस्ती नाही. तू घरी राहा. शेजारच्या कुसुमताई सोबतीला येतील, मी फोन करतो त्यांना."

आणि त्यानं सही केली.

अंबुबाईंच्या हातातली लसणाची पाकळी सोलायची राहिली. श्रद्धानं 'पाचवी सोडली' हे वाक्य सकाळपासून घोकलं होतं, कुठल्या शब्दावर थांबायचं तेसुद्धा ठरवलं होतं. ते तोंडात आलं होतं, आणि आता त्याला जागाच उरली नव्हती. तिनं मागं वळून पाहिलं. अकरा वर्षं सरचिटणीस राहिलेले आबा सदऱ्याचं बटण चाचपत होते.

"मग झालं?" धम्मपालनं पेन तिच्यापुढं धरलं. "तुझ्या मनासारखं झालं ना?"

"हो," श्रद्धा म्हणाली. तिनं सही केली, खुर्ची सरकवली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली.

"ताई येणार नाही?" क्षितिजनं सगळ्यांकडं आळीपाळीनं पाहिलं. "मग मी मागं एकटाच?"

*

कुरडया उलटायला म्हणून अंबुबाई गच्चीवर गेल्या. खरं तर त्यांना नवऱ्याला बोलायचं होतं, आणि सुनेसमोर त्या त्यांना कधी बोलत नसत.

"काय शिकिवलं वो पोरीला?"

"बराबर शिकिवलं हुतं. त्योच चुकला."

"त्यो न्हाई चुकला. त्येला वाटलं लेकीला आपन नको झालोय. सही करताना त्येचं नाक लाल झालं हुतं. ल्हानपनी सुई टोचताना व्हायचं तसं. तुमी तिच्या मागं बसून तिच्या कागदाकडं बघत हुता, तुमाला काय दिसनार?" अंबुबाईंनी एक कुरडई उलटली. "आन् तिला काय पायजे हुतं?"

"येक दिवस."

"मग येक दिवस द्या म्हनायचं. पाच कशाला मागायच्या?"

भिवाआबांनी हातातली काठी पायाशी ठेवली. मग म्हणाले, "तुला बस आठवती का? कंपनीची. निळ्या पट्ट्याची."

"आठवती की. तुमी कवा बसला न्हाई तीत. सायकल मारत जायचा, येड्यावानी."

"ती बस म्या सोडायला ठेवली हुती." ते हळू बोलत होते. "खरी मागनी तीस टेंपरवारी पोरांची हुती, त्यास्नी परमनंट करा म्हून. बस नुसती वर घातली हुती, आखरीला सोडून द्यायला. सायेब हुशार. त्येनं पैल्या बैठकीतच बस दिली. वर म्हनला, बघा, तुमची मोठी मागनी मान्य केली. गेटावर लोकांनी गुलाल उधळला. म्याबी हार घातला गळ्यात. त्या तिसातला येक बी ऱ्हायला न्हाई म्हैनाभरानं."

अंबुबाईंना हे माहीत नव्हतं. त्या गुलालाचा सदरा त्यांनी स्वतः धुतला होता. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसानं हरलेली गोष्ट कधी घरी आणली नव्हती.

"मग हे सांगायचं पोरीला," त्या म्हणाल्या. "जिंकल्यालंच कशाला शिकवायचं?"

भिवाआबा उठले. "जातू खाली. तिला सांगतू."

"तिला म्या धाडलंय धम्माकडं. तुमी हितंच बसा. कबुतरं बघा."

*

धम्मपाल गाडीच्या टायरची हवा बघायला म्हणून खाली उतरला होता. पद्मानं मागून सांगितलं होतं की लॉजवाल्याला फोन करून एक माणूस कमी झालं म्हणून कळवा. तिचा आवाज कोरडा होता. त्यानं फोन काढला, खिशात ठेवला, पुन्हा काढला. मग कशानं कोण जाणे, गाडीचं मागचं दार उघडलं, मधली सीट पुढं सरकवली आणि वाकून सगळ्यात मागच्या सीटवर जाऊन बसला. गुडघे हनुवटीला लागले. खिडकी होती, पण काच उघडणारी नव्हती. पुढं बघितलं तर खरंच सीटचं कव्हर दिसत होतं.

श्रद्धाला तो आधी सापडलाच नाही. गाडी रिकामी वाटली. मग तिनं आत डोकावलं.

"पप्पा, काय करताय?"

"काही नाही. बसलोय."

ती आत चढली आणि त्याच्या शेजारी बसली. दोघांचे खांदे एकमेकांत अडकले. उन्हानं गाडी तापली होती. काही वेळ दोघांनीही समोरचं कव्हर पाहिलं.

"पाचवी सोडायला ठेवली होती," श्रद्धा म्हणाली.

धम्मपालला पहिल्यांदा कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याला हायसं वाटलं, आणि पाठोपाठ त्याला स्वतःची लाज वाटली. अठरा वर्षं हेच काम करत होता. पगार त्याचाच मिळत होता.

"मला वाटलं चौथी."

"चौथी खरी होती. चौथी एकटीच खरी होती."

"मग बोलायचं ना."

"मार्चमध्ये बोलले होते. तुम्ही 'बघू' म्हणालात." ती कव्हरकडंच बघत होती. "आणि तुम्ही एवढ्या पटकन सही केलीत. एकदासुद्धा 'का' म्हणाला नाहीत. मी नाही आले तर तुम्हाला चालणार होतं."

"चालणार नव्हतं."

"मग?"

धम्मपालनं हनुवटीखालचे गुडघे हलवायचा प्रयत्न केला. टेबलावर समोरच्याला आपलं दुखणं कळू द्यायचं नसतं, एवढं एक तो कामात शिकला होता आणि तेच घरी घेऊन आला होता. आता टेबल नव्हतं.

"मला वाटलं, तुला आमच्याबरोबर येणं नकोसं झालंय," तो म्हणाला. "तू काही मागत नाहीस माझ्याकडं. गेल्या वर्षभरात काहीच मागितलं नाहीस. पहिल्यांदा कागदावर लिहून काहीतरी मागितलंस. म्हटलं, माझ्याजवळ तेवढं एकच द्यायला असेल तर ते तरी द्यावं. सही करताना हात उठत नव्हता, श्रद्धा."

श्रद्धाला रडू आलं. गेल्या वर्षी याच सीटवर आलं होतं, पण त्या वेळी तिनं ते लपवलं होतं. आता लपवलं नाही. धम्मपालला हात वळवून तिच्या डोक्यावर ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्यानं तो तिच्या गुडघ्यावर ठेवला.

"मला यायचंय," ती म्हणाली.

"ये."

"सही झालीये पण."

"ती मुभा आहे. मुभा असली म्हणजे घरी राहायलाच पाहिजे असं नाही. कायद्यानं सांगतो." त्यानं खिशातला फोन काढून तिला दाखवला. "आणि लॉजवाल्याला मी अजून कळवलेलंही नाही. दोनदा नंबर काढला."

तिनं नाक पुसलं. वरच्या मजल्यावरून क्षितिजचा आवाज आला, तो आजीला समजावत होता की घाटापर्यंत म्हणजे घाट धरून. शेजारून जाणाऱ्या रिक्षातल्या माणसानं तापलेल्या गाडीत मागच्या सीटवर दाटीवाटीनं बसलेले बाप-लेक पाहिले, आणि पुढं जाऊनही वळून पाहत राहिला.

"आता चौथीचं सांग," धम्मपाल म्हणाला. "तो एक दिवस. मी पेन आणलेलं नाही. मला नुसतं ऐकायचंय."

श्रद्धा बोलायला लागली आणि अडली. खेकड्यांची बिळं, पाण्यात पाय, वाळूत पडून राहणं, असं काही तिच्या मनात होतं. पण मोठ्यानं सांगायला गेलं की त्याचा तक्ता होत होता. नऊ ते दहा खेकडे. तिचं तिलाच हसू आलं.

"मला नाही सांगता येत," ती म्हणाली. "मी एवढंच ठरवलं होतं की कोणी हाक मारणार नाही. तुम्ही सांगा ना. तुम्हाला एक दिवस दिला, कोणी काही विचारणार नाही, कुणाच्या गोळ्या नाहीत, गाडी नाही. तुम्ही काय कराल?"

धम्मपालनं तोंड उघडलं. कोल्हापूर, पन्हाळा, आंबोली, मालवण, गेल्या सात वर्षांतल्या सहा-सहा दिवसांत त्यानं सगळ्यांना काय काय दाखवलं होतं ते त्याला ओळीनं आठवलं. प्रत्येक ठिकाणी तो सगळ्यांच्या आधी उठला होता आणि पाण्याच्या बाटल्या भरून गाडी सुरू करून उभा राहिला होता. त्यातलं त्याला स्वतःला काय हवं होतं, हे त्याला शोधूनही सापडेना. हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. अण्णांनी नाही, कंपनीनं नाही. त्यानं स्वतःही नाही. श्रद्धानं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. एवढ्या जवळून तिनं त्याला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"झोपेन," धम्मपाल शेवटी म्हणाला.